टाकून द्यायची पानं

इंदूरच्या कापडमिलचा टेलिफोन बोर्ड मंजिरी मोहिते लग्नाआधीपासून सांभाळत होती. बोर्डावर बसणाऱ्या बाईला सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकावी लागते. दोन माणसं जोडून द्यायची आणि आपण मधून निघून जायचं. मुंबईचा दलाल आणि गोदामाचा बाबू एकमेकांना शिव्या घालत असोत, साहेबांच्या बंगल्यावरून कोणी रडत बोलत असो, आवाज कानावरून जाऊ द्यायचा. मंजिरीच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की मिल बंदची नोटीस फाटकावर लागली त्या सकाळीसुद्धा ती बोर्डापाशी बसून फोन जोडत राहिली. सगळ्या खात्यांचे दिवे एकदम लागले होते. जो तो कोणाला तरी विचारत होता, खरं आहे का. संध्याकाळी तिनं हेडफोन काढून ठेवला, पर्स उचलली, आणि मल्हारगंजला घरी येऊन भाजी चिरायला घेतली.

त्या दिवशी तिला रडू आलं नाही. पुढंही आलं नाही. मुलगी शिवांगी लग्न होऊन नाशिकला गेली तेव्हा मांडवातल्या बायका डोळे पुसत होत्या आणि मंजिरी आहेराची पाकिटं एका पिशवीत नीट लावत होती. सण आले, गेले. जेवणाला चव होती की नव्हती हे ती दुसऱ्यांनी सांगितल्यावर मान्य करायची.

तिचे यजमान जयसिंगराव त्याच मिलमध्ये रंगखात्याचे मास्तर होते. शेवटची काही वर्षं मिलमध्ये कापूसच येत नव्हता. माणसं वेळेवर यायची, हजेरी लावायची आणि थंड पडलेल्या मशीनींपाशी बसून राहायची. तेव्हा पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यानं जयसिंगरावांना बोलावलं होतं. ते गेले नाहीत. "एवढी वर्षं घातली इथं," ते म्हणाले होते. "आता उठून गेलो, तर घातलेलं सगळं वाया." आणि साहेब म्हणत होते, ऑर्डर येऊन राहिल्यात मास्तरजी, थोडं थांबा. ते थांबले. मिल बंद झाल्यावर पीथमपूरची जागाही भरलेली होती.

आता ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून राजवाड्यापर्यंत चालत जात, समोरच्या बागेच्या कठड्यावर बसत आणि जेवायला परत येत. दोघांमध्ये भांडण नव्हतं. बोलणंच उरलं नव्हतं. "मीठ दे", "लाइट गेली", "शिवांगीचा फोन होता" एवढ्यात दिवस भागायचा.

निशांत हा मंजिरीच्या जुन्या शेजारणीचा मुलगा. इंजिनिअर झाला होता आणि अन्नपूर्णा रोडवर एका नमकीनच्या दुकानाच्या वर त्यानं कॉम्प्युटरचं ऑफिस टाकलं होतं. एका मुंजीत त्यानं मंजिरीला गाठलं.

"काकू, तुम्हाला टायपिंग येतं. इंग्रजी येतं. दुपारच्या वेळी ऑफिसला येता का? पगार ठरलेला राहील."

"काम काय आहे?"

"पत्ते खेळायचे."

मंजिरी हसली नाही, दचकलीही नाही. निशांतनं बहुधा दोन्हीची तयारी ठेवली होती, त्यामुळे तोच थोडा गडबडला. मग त्यानं नीट समजावून सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या लोकांसाठी एक वेबसाइट होती. घरबसल्या माणसं तिथं पोकर खेळत. प्रत्येक डावातून वेबसाइट आपला वाटा कापून घेई. पण टेबलावर कोणीच बसलेलं नसलं, तर आलेला माणूस परत जातो. "रिकाम्या हॉटेलात कोणी जेवायला शिरत नाही ना, वोही बात आहे," निशांत म्हणाला. म्हणून वेबसाइटच्या मालकानं इंदूरमध्ये माणसं बसवायची ठरवली होती. पैसे मालकाचे, हरले तरी त्याचे, जिंकले तरी त्याचे. सिडनीत दिवेलागण होते तेव्हा इंदूरमध्ये दुपारचं ऊन असतं. "तुमचं घरचं जेवणखाण आटपून आरामात येता येईल."

घरी तिनं "कॉम्प्युटरचं काम" एवढंच सांगितलं. जयसिंगरावांनी मान हलवली.

शिकायला तिला फार दिवस लागले नाहीत. खेळ तसा सोपा होता. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग मध्ये पाच पानं उघडी पडतात, ती सगळ्यांची. स्वतःची दोन आणि मधली पाच मिळून ज्याची पाच पानं सगळ्यात भारी, तो जिंकला. पण मधली पानं पडण्याआधीच ठरवायचं, आपण पैसे लावून डावात राहायचं की आपली दोन पानं टाकून बाजूला व्हायचं. निशांतनं तिच्या समोरच्या भिंतीवर रंगीत चौकटींचा एक तक्ता चिकटवला होता. कोणती दोन पानं खेळायची, कोणती टाकायची.

"सारी अक्कल ह्या पहिल्या दोन पानांत आहे, काकू. दोन एक्के आले तर क्या बात. पण ते दोनशेवीस-एक डावांत एकदा येतात. कुठलीही जोडी सतरा डावांत एकदा."

"आणि बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी जास्त करून टाकायचं."

मंजिरीनं तक्त्याकडे पाहिलं. खेळायच्या चौकटी एका कोपऱ्यात दाटीनं बसल्या होत्या. उरलेला सगळा तक्ता राखाडी होता.

"एक्का दिसला की लोक हरखून जातात," निशांत सांगत होता. "एक्क्यासोबत लहान पान असेल तर तो एक्का बुडवतो. राजा-तिर्री, राणी-पंजी, हे तर चेहऱ्यावर जाऊन फसायचे धंदे. आणि दोन एक्के हातात असले तरी खुश होऊन बसायचं नाही. समोर एक माणूस असेल तर शंभरातून पंच्याऐंशी वेळा आपण. भरलेलं टेबल शेवटपर्यंत राहिलं तर शंभरातून पस्तीस वेळासुद्धा नाही. म्हणून आधीच भाव वाढवायचा, म्हणजे डावात राहायला जास्त पैसे लागतील असं करायचं, गर्दी कमी करायची."

"बरं."

"आणि अजून एक. मध्ये टाकलेले पैसे आपले राहत नाहीत. ते गेले. पुढचा पैसा टाकायचा की नाही, हे फक्त पुढचं बघून ठरवायचं. हेच कोणाला जमत नाही."

मंजिरीला ते जमलं. ऑफिसात आणखी दोन मुलं खेळायला बसत. चांगली पानं हरली की ती कीबोर्डवर हात आपटत, मग चिडून पुढचे चार डाव वाटेल ते खेळत आणि आणखी हरत. ह्याला निशांत "टिल्ट" म्हणायचा, डोकं कलंडणं. एकदा मंजिरीचे दोन एक्के एका चौकीच्या जोडीसमोर हरले. शेवटचं पान तिसरी चौकी पडली होती. सगळा ढीग स्क्रीनवर दुसरीकडे सरकला. मंजिरीनं बाटलीतलं पाणी प्यायलं आणि पुढची दोन पानं पाहून टाकली.

"काकू, तुम्हाला काहीच होत नाही का?" निशांतनं विचारलं.

"काय व्हायचं?"

"मानलं तुम्हाला," तो म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात थोडी काळजीही होती.

स्क्रीनवर तिचं नाव "सँडी" होतं. नाव कंपनीनं दिलेलं. सँडी दुपारभर पानं टाकायची. खालून शेव तळल्याचा वास यायचा, पंखा फिरायचा, आणि दुपार जायची. मंजिरीला त्यात बरं वाटत होतं असं नाही. पण वाईटही वाटत नव्हतं, आणि घरी बसलं की तेवढंही म्हणता येत नव्हतं.

एक दिवस ती चष्मा घरी विसरली. जयसिंगराव तो द्यायला ऑफिसात आले. जिना चढून ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले तेव्हा स्क्रीनवर हिरवं टेबल आणि पत्ते होते. तिनं मागं वळून पाहिलं. आता काहीतरी ऐकावं लागणार असं तिला वाटलं, आणि ती वाट पाहत राहिली.

"हे काम?" ते म्हणाले.

"हे."

ते काही वेळ बघत राहिले. तिला दोन पानं आली, तिनं ती टाकली.

"का टाकली? राणी होती."

"सोबत पंजी होती. रंगही वेगळे."

निशांतनं एक प्लास्टिकची खुर्ची पुढं केली. "बसा ना काका." जयसिंगराव बसले. दुसऱ्या दिवशी काहीही विसरलेलं नसताना ते पुन्हा आले. मग राजवाड्याऐवजी ते दुपारी इथंच येऊ लागले. ते मागं बसून विचारत आणि ती पुढं बघूनच उत्तरं देई. हे का ठेवलं. तो का उठला. आपली आधी पाळी असली तर कमी पानं खेळायची, हे का. एवढं बोलणं दोघांत कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि ते सगळं पत्त्यांचं होतं. घरी आल्यावर पुन्हा "मीठ दे".

सँडीच्या टेबलावर एक माणूस रोज येई. त्यानं स्वतःचं नाव "लेमनट्री" ठेवलं होतं. खरं नाव ब्रूस, हे त्यानंच चॅटमध्ये लिहिलं. घरामागं लिंबाचं झाड होतं, गुडघे दुखत होते, मुलगी दूर होती. रोज टेबलावर आला की आधी लिही, "गुड इव्हिनिंग, सँडी." मंजिरी उलट तेच लिही, खिडकीबाहेर रणरणतं ऊन असताना.

ब्रूस वाईट खेळायचा. राजा दिसला की त्याला सोडवत नसे, सोबत काहीही असो. आणि एकदा डावात शिरला की शेवटपर्यंत राहायचा. हरला की लिहायचा, "नेक्स्ट टाइम." निशांतनं मंजिरीला मुद्दाम सांगून ठेवलं होतं, "ह्या अंकलला सांभाळा, काकू. हा आहे म्हणून टेबल आहे."

एका दुपारी ब्रूसनं राजा-तिर्री धरून ठेवली. मध्ये राजा पडला, पण मंजिरीकडेही राजा होता आणि सोबत एक्का, म्हणजे जोडी सारखी असली तरी ती भारी. तिनं भाव वाढवला, त्यानं भरला. पुन्हा वाढवला, पुन्हा भरला.

"ह्याला समजत नाही का तुझ्याकडे भारी पानं आहेत?" जयसिंगरावांनी विचारलं.

"समजत असेल."

"मग थांबलाय कशाला?"

"एवढे घातले म्हणून," मंजिरी म्हणाली. "आता उठला तर घातलेले वाया जातील, असं वाटतं त्याला. ते तर आधीच गेलेले असतात."

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो.  खुर्ची सरकवून जयसिंगराव बाहेर गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून रस्त्याकडे बघत उभे राहिले. तोवर इकडे डाव संपला, ढीग सँडीकडे आला. बऱ्याच वेळानं ते परत येऊन खुर्चीवर बसले.  दुसऱ्या दिवशीही आले.

त्यानंतर आठवडाभरानं असेल, टेबलावर फक्त दोघं उरले होते, सँडी आणि लेमनट्री. ब्रूसनं चॅटमध्ये लांबलचक लिहिलं. तू रोज ह्याच वेळेला असतेस. कधी चिडत नाहीस. हरलीस तरी उठत नाहीस. मी एक सरळ विचारतो, राग मानू नकोस. तू माझ्यासारखी खेळायला येतेस, की तुला वेबसाइटनं बसवलंय?

ह्याचं उत्तर ठरलेलं होतं. निशांतनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कोणी विचारलं तर हसून नाही म्हणायचं. मंजिरीनं कीबोर्डवर 'नो'मधला 'एन' दाबला.

जयसिंगराव पुढं वाकले होते. इंग्रजी ते सावकाश, अक्षराला अक्षर लावून वाचत. "काय विचारून राहिलाय तो?"

तिनं सांगितलं.

"मग तू काय लिहिणार?"

"नाही म्हणून लिहायचं असतं."

पंखा फिरत होता. बाजूच्या मुलानं काहीतरी जिंकलं होतं आणि तो शीळ घालत होता.

"मी विचारलं होतं साहेबांना," जयसिंगराव म्हणाले. त्यांचा आवाज वर चढला नव्हता. बाजारात भाव सांगावा तसं ते बोलत होते. "पीथमपूरचं आलं तेव्हा खात्यातून फोन लावला होता. सरळ विचारलं, मिल चालणार की नाही, मला तसं ठरवायचंय. त्यांना ठाऊक होतं, मंजू. त्यांनी स्वतःच्या पोरांच्या शाळासुद्धा दुसऱ्या शहरात बदलून ठेवल्या होत्या. मला म्हणाले, थांबा."

मंजिरीला तो फोन आठवला नाही. रंगखात्यातून साहेबांकडे रोजच फोन जात. तिनंच तो जोडला असणार आणि नेहमीसारखी मधून निघून गेली असणार. ती स्क्रीनवरच्या एकट्या 'एन'कडे बघत बसली. मग तिनं तो पुसला.

तिनं लिहिलं, हो, मी कंपनीची आहे. मला पगार मिळतो. मी भारतात बसते. मग थोडं थांबून तिनं आणखी लिहिलं, राजा आणि तिर्री आली तर टाकत जा. बहुतेक पानं टाकायचीच असतात. आणि जे मध्ये गेलं ते आपलं नसतं, त्यासाठी थांबू नका.

 यंत्रानं आपलं पुढचा डाव वाटला. मंजिरीला नव्वी-दुर्री आली होती, तिनं टाकली. मग अक्षरं उमटली. थँक यू. तुझं नाव खरंच सँडी आहे का?

मंजिरी, तिनं लिहिलं.

लेमनट्रीची खुर्ची रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी निशांत तिची वाट बघत जिन्यातच उभा होता. चॅटमध्ये लिहिलेलं सगळं मालकाला दिसत होतं. तो ओरडला नाही. "काकू, हे काय करून बसलात?" एवढंच म्हणाला.

"त्यानं सरळ विचारलं."

"विचारतातच ना लोक. म्हणून तर सांगून ठेवलं होतं." त्यानं कपाळ चोळलं. "मला आता तुम्हाला ठेवता नाही येणार. वरून फोन होता. मी बोलून पाहिलं, पण नाही."

"बरं," मंजिरी म्हणाली. तिला वर जाऊन फक्त पाण्याची बाटली घ्यायची होती. निशांत तिच्याकडे बघत राहिला. ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं, असं त्याचा चेहरा सांगत होता. पण तिच्या मनात खरोखरच काही नव्हतं. रस्त्यावर येऊन तिनं खाली थांबलेल्या जयसिंगरावांना सांगितलं, "संपलं काम." ते म्हणाले, "हौ." दोघं सवारीच्या टेम्पोत बसून घरी आले.

महिनाअखेरीला पगार न्यायला ती पुन्हा गेली. जयसिंगराव खाली दुकानापाशी थांबले. निशांतनं पाकीट दिलं, चहा मागवला. चहा संपत आला तेव्हा, सांगावं की नको अशा आवाजात तो म्हणाला, "ते अंकल परत आलेत."

"कोण?"

"लेमनट्री. दोन दिवसांतच आले. तुमच्या जागी आता दुसरा पोरगा बसतो. अंकलनी त्याला लिहून टाकलं, तू कोण आहेस ते मला माहीत आहे. आणि बसले खेळायला."

"काय खेळतात?"

"वोही. राजा दिसला की चालले."

मंजिरीनं कप खाली ठेवला. जिना उतरताना मधल्या वळणावर ती थांबली. तिनं कठडा धरला.  दुकानातला माणूस मोठ्या झाऱ्यानं शेव उपसत होता, तेवढं तिला वरून दिसत होतं. तो घाणा निघेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग ती खाली आली.

"काही उपयोग झाला नाही," ती जयसिंगरावांना म्हणाली, आणि वरची हकीकत सांगितली.

त्या दिवशी त्यांनी टेम्पो थांबवला नाही, चालतच निघाले. बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "त्याला ठाऊक असून बसलाय. ते वेगळं."

"हरणार तर तसाच."

"हरू दे. आपला आपण हरेल." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "मला ठाऊक असतं तरी कदाचित मी गेलो नसतो पीथमपूरला. कोणास ठाऊक. पण मग ते माझं राहिलं असतं."

 मंजिरीनं त्यांच्या चालण्याशी आपलं चालणं जुळवून घेतलं.

मल्हारगंजच्या गल्लीत शिरताना उदयसिंह रंगाऱ्याचं दुकान लागतं. बाहेर दोरीवर ओले दुपट्टे टाकलेले होते. जयसिंगराव त्या दोरीजवळून रोज जात, पण आज थांबले. एका मोरपंखी दुपट्ट्याचं टोक त्यांनी अंगठ्यानं चोळलं आणि अंगठा बघितला.

"उतरेल हा," ते आतल्या माणसाला म्हणाले. "मीठ कम पडा है. और पानी जल्दी ठंडा किया."

उदयसिंह हात पुसत बाहेर आला. त्यानं वाद घातला नाही. "लडका नया है, मास्टरजी. आप एक बार भट्टी देख लो ना."

जयसिंगरावांनी मंजिरीकडे पाहिलं. "तू हो पुढं," ते म्हणाले, आणि शर्टाच्या बाह्या दुमडत आत गेले.

ते घरी आले तेव्हा पोळ्या सोडून तिचा सगळा स्वयंपाक होऊन बराच वेळ झाला होता. त्यांच्या नखांच्या कडांना निळा रंग लागला होता, साबणानं तो गेला नव्हता. पाटावर बसून ते जेवू लागले. अर्धं जेवण झाल्यावर म्हणाले, "उद्याही बोलावलंय त्यानं. जाऊन बघतो."

"जा," मंजिरी म्हणाली.

तिला आनंद झाला असं नाही. तसं काही आत हललं असतं तर तिला ते ओळखता आलं असतं की नाही, हेही तिला सांगता आलं नसतं. तिनं तव्यावरची पोळी उतरवली, तिला तूप लावलं आणि न विचारता त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी नको म्हटलं नाही.